जुन्या फर्निचरवरचं विनिअर काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्यातल्या जुन्या घरांत १९३० ते १९६० या काळातलं बरंच फर्निचर अजून टिकून आहे. गोलाई दिलेल्या कोपऱ्यांची आरशाची कपाटं, ड्रेसिंग टेबलं, साइडबोर्ड, रेडिओची कॅबिनेटं. इमारत पुनर्विकासाला गेली किंवा आजी-आजोबांचं घर रिकामं केलं, की हे सामान कोणाच्या तरी वाट्याला येतं. त्यावरचं विनिअर, म्हणजे साध्या लाकडावर चिकटवलेला सुंदर लाकडाचा पातळ थर, कुठे फुगलेलं असतं, कुठे कडेने उडालेलं असतं. ‘हे काढून टाकू का?’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो.

कपाट भरीव लाकडाचं आहे की विनिअरचं, हे कसं ओळखायचं?

दार उघडा आणि त्याची वरची कड पाहा. भरीव फळीचे दर्शनी भागावरचे रेषे कडेवरही पुढे चालू राहतात. विनिअर असेल तर कडेला एक पातळ थर आणि त्याखाली वेगळ्याच रंगाचं लाकूड दिसतं. दोन दारांवर आरशात पाहिल्यासारखी उलटसुलट जुळणारी नक्षी असेल, तर ते बहुधा विनिअर आहे. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून लावले, की अशी जोडी जमते. गोलाई दिलेल्या दारावर रेषे वळणासोबत न तुटता फिरत असतील तरीही खाली बहुधा वेगळं लाकूड असतं. दाराच्या आतल्या बाजूने, खणाच्या तळाशी, पाठीमागे, जिथे पॉलिश पोचलेलं नाही तिथे बघा. तिथे खरं काय ते कळतं.

विनिअर म्हणजे हलका माल ना? काढलं तर खालून सागवान निघेल?

बहुतेक वेळा निघत नाही. हा समज इतका घट्ट बसला आहे आणि त्यापायी इतकी चांगली कपाटं वाया गेली आहेत, की याचं उत्तर सविस्तर दिलं पाहिजे.

पातळ लाकूड चिकटवण्याची कला फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात सापडलेल्या पेट्यांवर आबनूस आणि हस्तिदंताचे पातळ थर चिकटवलेले आहेत. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारात आंद्रे-शार्ल बूल हा कारागीर कासवाचं कवच आणि पितळ यांचे पातळ थर जोडून राजासाठी कपाटं करत होता. स्वस्तात काम उरकायला कोणी एवढे कष्ट घेत नाही.

यामागे लाकडाच्या स्वभावाचं कारण आहे. अक्रोडाच्या गाठीतून निघणारं ढगाळ नक्षीचं लाकूड दिसायला सुंदर, पण त्यात रेषे सगळ्या दिशांना धावतात. त्याची भरीव फळी केली तर ती पिळते आणि तडकते. म्हणून सरळ रेषांच्या, शांत लाकडाचा सांगाडा करायचा आणि ही नक्षी त्यावर पातळ थरात बसवायची. कपाटाचं रूप त्या थरात असतं.

त्याखाली मग काय सापडतं? पाइन, देवदार, एकमेकांना जोडलेल्या अरुंद पट्ट्या किंवा प्लायवूड. सरस, म्हणजे जुन्या काळचा गोंद, नीट धरावा म्हणून दातेरी रंध्याने मुद्दाम ओढलेल्या बारीक रेघा, खिळ्यांची भोकं आणि ती बुजवायला भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी. हा भाग कधी दिसावा म्हणून केलेलाच नव्हता. त्यावर कितीही पॉलिश ओढलं तरी तो पॅकिंगच्या खोक्यासारखाच दिसतो. काही कपाटांत खाली सागवान असतंही, पण त्यावरही रेघा आणि जोड असतातच.

मग विनिअर काढायचं तरी कधी?

आधी नखाने किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने सगळ्या पृष्ठभागावर हलकं टकटक करा. चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ जागांभोवती खडूने रेघ मारा. नकाशा तयार झाला, की बहुतेकांना हायसं वाटतं, कारण नुकसान वाटतं त्यापेक्षा कमी निघतं.

छोटे फुगे दुरुस्त होतात. धारदार ब्लेडने रेषांच्या दिशेने एक चीर द्या, आत इंजेक्शनच्या सिरिंजने कोमट पाणी सोडून जुना सरस मऊ करा, मग नवा सरस भरा. वर मेणकागद ठेवा, त्यावर सपाट फळी, आणि क्लॅम्पने किंवा वजनाने रात्रभर दाबून ठेवा. कडेचे उडालेले तुकडे नवे बसवता येतात.

पूर्ण काढण्याची वेळ खरं म्हणजे तीन कारणांनी येते: अर्ध्याहून जास्त भाग सुटला आहे आणि मधले तुकडे हरवले आहेत, खालची फळी फुटली, पिळली किंवा वाळवीने पोखरली आहे आणि तिच्यापर्यंत पोचायचा दुसरा मार्ग नाही, किंवा आधी कोणीतरी मशीनने घासून विनिअर इतकं पातळ केलं आहे, की खालचं लाकूड डोकावतंय. यातही एकच दार खराब असेल तर एकाच दाराचं काढा. सगळं एकसारखं दिसावं म्हणून चांगल्या बाजू उचकटू नयेत.

आधी गोंद ओळखा असं सगळे सांगतात. तो कसा ओळखायचा?

हा टप्पा कधीही वगळू नका. विनिअर कसं सुटेल हे लाकडापेक्षा गोंदावर ठरतं. सुटलेल्या कडेखालून गोंदाचा कण खरवडा, बशीत ठेवा आणि त्यावर गरम पाण्याचे दोन थेंब टाका.

काचेसारखा तपकिरी कण काही मिनिटांत चिकट झाला आणि जनावराच्या कातड्यासारखा उग्र वास आला, तर तो सरस. कातडी-हाडांपासून केलेला हा गोंद शतकानुशतकं वापरात होता आणि दुरुस्तीच्या दृष्टीने त्याच्यासारखा चांगला गोंद नाही, कारण ऊब आणि ओलावा मिळाला की तो पुन्हा सुटतो. जुन्या कारागिरांची दूरदृष्टी इथे दिसते. पुढच्या माणसाला वस्तू मोडल्याशिवाय उघडता येते.

कण पांढरट, दुधाळ होऊन मऊ पडला, तर तो पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉलच्या जातीचा. फेविकॉल बाजारात आला १९५९ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या कपाटात असा गोंद सापडला तर ती जागा नंतर दुरुस्त झाली आहे असं समजा. हा गोंद उष्णतेने आणि गरम पांढऱ्या व्हिनेगरने सैल होतो, पण सरसाइतका सहज नाही.

पिवळसर, रबरासारखा ताणला जाणारा असेल, तर तो काँटॅक्ट ॲढेसिव्ह. पाण्याचा त्याच्यावर परिणाम नाही. त्याला उष्णता किंवा थिनर लागतो.

कण तसाच कडक राहिला, ना मऊ ना चिकट, तर तो युरिया-फॉर्मल्डिहाइडसारखा कारखान्यातला गोंद असण्याची शक्यता मोठी. तिथे विनिअर अखंड सुटण्याची आशा धरू नका. जे आहे ते जागच्या जागी वाचवणं, नाहीतर घासून काढणं, एवढेच दोन पर्याय उरतात.

सरसावर बसवलेलं विनिअर अखंड काढायची पद्धत काय?

पहिलं काम पॉलिश उतरवण्याचं. पॉलिशखाली पाणी मुरत नाही. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश आहे आणि स्पिरिटनेच निघेल. थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी हललं नाही तर नंतर मारलेलं मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असं कडक पॉलिश असू शकतं, ते धारदार स्क्रॅपरने हलक्या हाताने उतरवावं लागतं. स्पिरिट किंवा थिनर वापरल्यानंतर खिडक्या उघड्या ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. त्या वाफेजवळ गरम इस्त्री आणणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

आता सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा, सुटलेल्या कडेवर पसरा आणि मध्यम तापमानाची इस्त्री त्यावर दहा-पंधरा सेकंद फिरवत ठेवा. सरस साधारण ६० अंश सेल्सियसला काम करण्याजोगा पातळ होतो. त्याला तेवढीच ऊब हवी असते. इस्त्री फार तापवली तर वाफेने रेषे फाटतात आणि लाकूड करपतं.

मग पुट्टी भरायची पातळ, लवचीक पट्टी घ्या. तिचे कोपरे आधी पॉलिश पेपरवर घासून गोल करा, नाहीतर ते खालच्या फळीत रुततात. पट्टी स्टेनलेस स्टीलची असेल तर उत्तम. साध्या लोखंडाचा, पाण्याचा आणि सागवान किंवा ओकमधल्या टॅनिनचा संबंध आला की काळे डाग पडतात आणि ते उडवायला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, जे विषारी आहे. पट्टी रेषांच्या दिशेने, जवळजवळ आडवी धरून आत सरकवा. रेषांना काटकोनात ढकललं की विनिअर कडकन तुटतं.

पट्टी अडली तर जोर लावू नका. पुन्हा ओलं कापड, पुन्हा इस्त्री. पट्टीचं टोकही गरम पाण्यात बुडवून घेता येतं. एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्या. विनिअरला आधीच भेगा असतील तर सुरुवात करण्यापूर्वी त्यांवर आडव्या मास्किंग टेपच्या पट्ट्या लावा, म्हणजे तुकडे एकमेकांना धरून राहतात. टेप ओलाव्याने सुटली तर लगेच नवी लावा.

एका कपाटाच्या दाराला सबंध दुपार लागू शकते. घाईत केलेलं हे काम नंतर लपवता येत नाही.

ओला टॉवेल रात्रभर टाकून ठेवला तर आपोआप सुटतं, हे खरं का?

सरस असेल तर सुटतं. विनिअर वाचवायचंच नसेल आणि खाली जाड, भरीव फळी असेल, तरच हा उपाय करा. खाली जुनं प्लायवूड असेल तर तेही पापुद्र्या-पापुद्र्याने उघडतं. एका बाजूने भिजलेली फळी वाकते, आणि ती पुन्हा सरळ होईलच असं नाही. टॉवेल वापरायचाच असेल तर दोन-तीन तासांनी उचलून पाहत राहा आणि काढलेली फळी दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी उभी करून ठेवा. उन्हात नको.

हीट गन चालेल?

काँटॅक्ट ॲढेसिव्हवर चालते. सरसावर नको, कारण कोरड्या उष्णतेने विनिअर आधी करपतं आणि गोंद नंतर सुटतो.

आमच्या जुन्या टेबलावर सनमायका मारला आहे. तो काढता येईल?

हा प्रश्न फार जणांचा आहे. काही दशकांपूर्वी पुसायला सोपं म्हणून कित्येक सुंदर टेबलांवर सनमायका चिकटवला गेला. बहुतेक वेळा तो काँटॅक्ट ॲढेसिव्ह किंवा पांढऱ्या गोंदाने बसवलेला असतो. हीट गन एका कोपऱ्यावर धरा, कड वाकायला लागली की रुंद पट्टी आत घाला आणि गरम करत करत पुढे जा. काँटॅक्ट ॲढेसिव्ह असेल तर सिरिंजने कडेत थोडं थिनर सोडल्यावर काम हलकं होतं. मात्र थिनर आणि हीट गन एकाच वेळी हातात घेऊ नका. सनमायकाच्या कडा काचेसारख्या कापतात, जाड हातमोजे घाला.

सनमायका बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी खालचं विनिअर खरबरीत केलेलं असतं, कधी त्यावर पटाशीने खाचाही मारलेल्या असतात. म्हणून पहिला कोपरा उघडल्यावर थांबा आणि आत काय आहे ते पाहून पुढचं ठरवा. खाली चांगलं विनिअर सापडलं तर आनंदच आहे, पण त्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

काढलेल्या तुकड्यांचं काय करायचं?

काढण्याआधीच प्रत्येक भागाचा फोटो घ्या. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण लिहा. मागचा सरस कोमट पाण्याच्या स्पंजाने पुसा, तुकडे कोऱ्या, शाई नसलेल्या कागदांत ठेवा आणि वर सपाट फळी व वजन द्या. कागद ओले झाले की बदला. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई ओल्या लाकडावर उमटते.

पुन्हा लावण्याजोगे नसले तरी ते फेकू नका. जुन्या लाकडाचा तो रंग बाजारात विकत मिळत नाही. पुढे एखादी कड भरायला दोन बोटांएवढा तुकडाही कामी येतो.

खालची फळी नव्या विनिअरसाठी कशी तयार करायची?

उरलेला सरस गरम पाणी आणि स्पंजाने पूर्ण काढा. जुन्या सरसावर नवा पांढरा गोंद नीट धरत नाही. त्यानंतर फळी वाळू द्या. आठवडा गेला तरी चालेल. मॉइश्चर मीटर मिळाला तर १२ टक्क्यांच्या आसपास आकडा यावा.

मोठ्या खळग्यात त्याच जातीच्या लाकडाची चकती बसवा. बाजारातली पाण्याची लांबी तिथे भरू नका. ती आक्रसते आणि काही महिन्यांनी विनिअरवर तेवढाच खड्डा उमटतो. बारीक भोकांना एपॉक्सीत कालवलेला भुसा पुरतो.

नवं विनिअर जुन्याशी जुळत का नाही?

जाडी वेगळी असते म्हणून. करवतीने कापलेलं जुनं विनिअर एक-दोन मिलिमीटर जाड असे. पुढे सुरीने सोललेलं विनिअर आलं ते एक मिलिमीटरच्या आत, आणि आज दुकानात मिळणारं साधारण अर्धा मिलिमीटर असतं. जुन्याशेजारी नवा तुकडा खोल बसतो, म्हणून दोन थर एकावर एक चिकटवून जाडी आणतात. ठिगळाचा आकार चौकोनी ठेवू नका. होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता कापला की जोड रेषांमध्ये हरवतो.

संपूर्ण दाराला नवं विनिअर लावणार असाल तर आतल्या बाजूलाही थर हवा, नाहीतर दार वाकतं. सागवान विनिअर असेल तर चिकटवण्याआधी मागच्या बाजूने ॲसिटोनचा बोळा फिरवा, त्यातलं नैसर्गिक तेल गोंदाला धरू देत नाही. काँटॅक्ट ॲढेसिव्ह मात्र वापरू नका. ते सोपं दिसतं, पण एकदा टेकलेलं विनिअर हलवता येत नाही आणि दोन-चार उन्हाळ्यांत फुगे येतात. सरस जमत नसेल तर पांढरा गोंद आणि भरपूर क्लॅम्प.

हे काम पावसाळ्यात करता येईल का?

टाळा. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये फळी वाळतच नाही आणि सरसाला बुरशी धरते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले.

धुळीचा आणि रसायनांचा त्रास होतो का?

होतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरलं. एन-९५ मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग दिलेलं फर्निचर कोरडं घासू नये. मिथिलिन क्लोराइड असलेले पेंट रिमूव्हर बंद खोलीत जीवघेणे ठरले आहेत आणि अमेरिकेने ते २०१९ मध्ये घरगुती वापरातून काढले. डब्यावरचा मजकूर वाचून घ्या.

काम मिस्त्रींकडे देणार आहोत. त्यांना काय सांगायचं?

सुरुवातीलाच आणि स्पष्ट सांगा: ‘मिस्त्री, मशीन लावायचं नाही. जे काढाल ते आधी दाखवा, टाकू नका.’ बेल्ट सँडर काही सेकंदांत अर्धा मिलिमीटर खाऊन टाकतो. लांबी भरून रंग मारण्याऐवजी तुकडा बसवून हवा आहे, हेही सांगा. त्यांनी सरस वापरला आहे का, लाखेचं पॉलिश हाताने केलं आहे का, ते विचारा. मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आणि चोर बाजारात जुन्या कामाचा हात असलेले कारागीर अजून भेटतात. आधी एक लहान खण देऊन पाहा. आणि दर ठरवताना वेळेचे पैसे द्या. हे काम चौरस फुटावर मोजलं की घाई होतेच.

शेवटी पॉलिश कोणतं?

ज्या काळातलं कपाट, त्या काळातलं पॉलिश: स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, बोळ्याने थरावर थर. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख आपल्याच देशात तयार होते. तिच्यावर गरम कपाचा डाग पडतो हे खरं, पण तो डाग स्पिरिटच्या बोळ्याने दुरुस्त होतो. पीयू एकदा ओरखडलं की सगळंच उतरवावं लागतं.

आजोबांचं कपाट दुरुस्त करून परदेशी नेता येईल?

वयावर अवलंबून आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी वस्तू नेताना ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावं. १९३५ चं कपाट आज या मर्यादेच्या आत आहे, २०३५ नंतर नसेल. शिसवी लाकूड २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे शिसवी कपाटाला वेगळी कागदपत्रं लागतात. हस्तिदंताची जडण असेल, जशी गोव्याच्या जुन्या इंडो-पोर्तुगीज कपाटांवर असते, तर वन विभागाला विचारल्याशिवाय ते हलवू नका, विकू नका आणि त्यातला एकही तुकडा काढू नका.

या कागदपत्रांसाठी दुरुस्तीपूर्वीचे फोटो, बिलं आणि घरातल्या मोठ्यांनी लिहून दिलेली माहिती उपयोगी पडते. ती विनिअरला हात लावण्याआधीच गोळा करून ठेवा.